दोनशे नऊची आई

तिने कालवडीचा मागचा खूर उचलून पाहिला, आणि त्यात नावाला म्हणून खोट सापडेना तेव्हा तिला घाम फुटला. खूर घट्ट होता, टाच स्वच्छ होती, मधली फट सरळ होती. कालवडही अशी गरीब, की पाय हातात धरला तरी समोरचा चारा चघळत तशीच उभी. तिने पाय खाली सोडला, फडक्याला हात पुसले आणि कंबर सरळ करत म्हटलं,

"खूर मला काही बरोबर वाटत नाहीत."

"कुठे?" धाकटा भाऊ लगेच वाकला. "मला तर झकास दिसतायत."

"तुला काय दिसणार! तेरा वर्षं टँकर चालवलास तू. उद्या म्हणशील, हवा जरा कमी आहे."

भाऊ मोठ्याने हसला. ताईच्या टोमण्यांवर तो लहानपणापासून असाच हसत आला होता, आणि हसून झाल्यावर पुन्हा आपलंच म्हणणं पुढे रेटत आला होता. त्याच्या हातात बारा पानांची यादी होती, घड्या घालून घालून मऊ पडलेली. तेरा वर्षं दुसऱ्यांचं दूध वाहून नेल्यावर आता त्याला स्वतःचं दूध हवं होतं. गोठा बांधून झाला होता, पाण्याच्या टाक्या बसल्या होत्या, आणि आत अजून एकही जनावर नव्हतं. रोज सकाळी उठून हा त्या रिकाम्या गोठ्यात चक्कर मारून येतो, असं त्याची बायको सगळ्यांना सांगत असे. सांगताना हसायची, पण तीही त्याच्या आधी उठून गोठा झाडून आलेली असायची.

यादीत विक्रीला काढलेल्या कालवडी होत्या, एकेकीला एकेक पान. कानातल्या बिल्ल्याचा नंबर, जन्मतारीख, बाप कोणता वळू, आईने एका वेतात, म्हणजे एकदा व्याल्यावर, किती दूध दिलं, दुधाला फॅट किती लागली. आणि सगळ्यात खाली जाड अक्षरांत एक आकडा. आईबापाच्या गुणांवरून ही कालवड सरासरी गाईपेक्षा वर्षाला किती किलो दूध जास्त देईल, याचा तो अंदाज. तो मोठ्या कार्यालयातल्या संगणकावर निघे. पण त्या संगणकाला रोजचा घास भरवायचं काम ताईचं. महिन्यातून एकदा एकेका गोठ्यावर जायचं, संध्याकाळची आणि दुसऱ्या दिवशी सकाळची धार समोर उभं राहून काढून घ्यायची, प्रत्येक गाईचं दूध काट्यावर टाकायचं आणि वहीत उतरवायचं. बावीस वर्षं ती हेच करत होती. बारा गोठे तिच्याकडे होते आणि बाराही ठिकाणी सगळे तिला नोंदबाईच म्हणत.

"दोन नक्की झाल्या," भाऊ बोटावर मोजत म्हणाला. "एकशे अठ्ठ्याण्णव आणि दोनशे चार. दोन्ही तूच दाखवल्यास. त्या घेऊया. पण आता ही बघितल्यावर मन फिरलंय माझं. त्या दोन सोडून ही एकच घेतली तर?"

"वेडा आहेस का? दोघींच्या किमतीत एक?"

"दोघींचा आकडा मिळवला तरी हिच्या आकड्याला पोचत नाही, ताई. हे बघ ना."

त्याने दोनशे नऊचं पान तिच्यासमोर धरलं. तिने ते पाहिलं नाही. तिला ते पाठ होतं.

गोठ्याच्या दुसऱ्या टोकाला मालक फळ्यासमोर उभे होते. त्यांना सगळे मास्तर म्हणत, कारण गाई पाळायच्या आधी त्यांनी उभा जन्म शाळेत काढला होता. शाळा सुटली तरी फळा सुटला नव्हता. भिंतभर काळ्या फळ्यावर रोज सकाळी ते खडूने प्रत्येक गाईचं दूध लिहीत आणि रोज संध्याकाळी पुसत. गाईंची हजेरी घेतात, अशी लोक थट्टा करत. फळ्याच्या वर काचेच्या चौकटीत एक प्रमाणपत्र लावलं होतं. वर्षातल्या सर्वाधिक दुधाच्या वेताबद्दल, गाय क्रमांक सत्तेचाळीस. दोनशे नऊची आई.

"ती राहू द्या हो," मास्तर तिथूनच म्हणाले. "ती महाग पडेल तुम्हाला. बाकीच्या बघा. चांगल्या आहेत."

भावाने ताईकडे बघून डोळे मिचकावले. "बघितलंस? द्यायची नाहीये त्यांना. आधी नाही म्हणायचं, मग भाव चढवायचा. टँकर घेऊन शंभर दारं हिंडलोय मी, मला कळत नाही का?"

मास्तरांनी खडू खाली ठेवला आणि बोटं झटकली. त्यांनी भावाकडे पाहिलं नाही, नोंदबाईकडे पाहिलं. ती नजर तिने चुकवली आणि कालवडीच्या पाठीवरून उगाचच हात फिरवला.

साडेतीन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याची उजवी बाजू एका सकाळी लुळी पडली होती. सात महिने ती रुग्णालय आणि घर एवढंच करत होती. रजा मागायची सोय नव्हती. तिच्या आधी ज्या बाईने लांब रजा मागितली होती, तिची जागा परत आल्यावर भरलेली होती. मग ती नवऱ्याच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसून नोंदी करू लागली. पहिल्या महिन्यात तिने गोठ्यांवर फोन करून आकडे विचारले. दुसऱ्या महिन्यापासून विचारणंही सोडलं. तिला विचारायची गरजच नव्हती. गाय व्याल्यावर दूध कसं चढतं, दुसऱ्या महिन्यात कुठे पोचतं आणि मग कसं हळूहळू उतरतं, ते तिला झोपेतही सांगता आलं असतं. प्रत्येकीचा मागचा आकडा घ्यायचा आणि थोडा कमी करून लिहायचा. कोणाला संशय यायचं कारण नव्हतं. ती खोटं लिहीत नव्हती, ती अंदाज लिहीत होती. निदान तेव्हा ती स्वतःची अशी समजूत घालत होती.

सत्तेचाळीस त्याच सुमारास व्याली होती. रुग्णालयाच्या धावपळीच्या दोनच दिवस आधी तिने त्या गाईची कास पाहिली होती आणि मनात म्हटलं होतं, ही या वेळी तीस लिटरच्या पुढे जाणार. मग तिने तिला तीसच्या पुढे नेलं. त्या खोलीत सगळंच उतरणीला लागलं होतं, नवऱ्याचं बोलणं, त्याचं वजन, घरातलं किडूकमिडूक. एक गाय तरी चढती असावी असं तिला वाटलं होतं. ती दर महिन्याला तिला अर्धा लिटर जास्त देत गेली. लिहिताना तिला बरं वाटायचं, हे तिला आजही आठवत होतं आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटत होती.

नवरा सावरला. काठी घेऊन चालू लागला, चहा पांचट झाला म्हणून कुरकुरू लागला. ती परत गोठ्यांवर गेली. मास्तरांच्या गोठ्यात सत्तेचाळीसच्या खाली वाकली, तेव्हा तिच्या कासेचे दोन सड आटून कडक झालेले होते. व्याल्यावर तिसऱ्याच आठवड्यात कास सुजली होती. औषधं झाली, डॉक्टर झाले, दोन सड गेले ते गेलेच. गाय दिवसाला दहा लिटरसुद्धा देत नव्हती. आणि कागदावर ती त्या वर्षीची पहिली गाय झाली होती.

मास्तरांना हे अर्थातच माहीत होतं. रोज फळ्यावर लिहिणारे तेच. नोंदबाई येत नाही, हेही त्यांना माहीत होतं. पण ज्याच्या घरात आजारपण आहे त्याला काय विचारायचं, असा तो माणूस. प्रमाणपत्र आलं तेव्हा त्यांनी ते आधी कपाटात ठेवलं. मग मुलाने चौकट करून भिंतीवर लावलं. त्यावर दोघंही कधी बोलले नाहीत. फक्त एकदा चहाचा कप तिच्या हातात देताना मास्तर म्हणाले होते, "बाई, तुमची कृपा." ते खरंच म्हणाले की टोचून, हा प्रश्न तिने घरी जाईपर्यंत आणि नंतरही कितीतरी दिवस घोळवला होता.

एव्हाना त्या आकड्याचा गोतावळा वाढला होता. सत्तेचाळीसचा खोंड त्या प्रमाणपत्राच्या जोरावर वळू म्हणून निवडला गेला, आणि त्याच्या मुली आता ठिकठिकाणच्या गोठ्यांत वासरं म्हणून हुंदडत होत्या. प्रत्येकीच्या पानावर खालचा आकडा थोडा फुगलेला होता. शेवटची ही दोनशे नऊ देऊन गाय दोन वर्षांपूर्वी गेली. नोंदबाईने एकदा मोजायचा प्रयत्न केला होता, किती पानं असतील. मग तिने मोजणं सोडून दिलं.

"छाती अरुंद आहे हिची," ती म्हणाली.

"ताई."

"आणि तापट असते ही जात. धार काढू देत नाहीत, लाथा झाडतात."

भावाने कालवडीकडे पाहिलं. कालवड त्याच्या शर्टाची बाही चाटत होती.

"ताई, तूच ना गं मला शिकवलंस? डोळ्याला दिसतं ते नुसतं कातडं, आतलं काय ते कागद सांगतो. मी कासेवर भाळलो की तू मला मूर्खात काढायचीस. दोन वर्षं माझं डोकं खाल्लंस. आणि आज मी कागदावर बोट ठेवतोय, तर तू मला कातडं दाखवतेस?"

 आपणच घालून दिलेला धडा तो घडाघडा म्हणून दाखवत होता, आणि त्यात एकही चूक नव्हती.

"मी हात धुऊन येतो," तो म्हणाला. "मग मास्तरांशी बोलून टाकतो."

गोठ्याच्या मागे दुधाचे कॅन धुवायचा हौद होता. भाऊ नळ सोडून हात चोळत होता, तेवढ्यात ती त्याच्या पाठोपाठ आली. ओल्या फरशीवर कॅन पालथे घातले होते. पलीकडे मास्तरांचा मुलगा ट्रॉलीतून चारा उतरवत होता, पण तो लांब होता. तरीही तिने दोनदा वळून पाहिलं.

"ती घेऊ नकोस."

"का, ते सांग."

"मी सांगते म्हणून."

"तू सांगतेस म्हणून मी विहिरीतसुद्धा उडी टाकीन, पण आधी का ते सांग. काय खोट आहे त्या कागदात?"

"कागदच खोटा आहे."

तो हसायला लागला आणि मग थांबला. नळ तसाच चालू होता. तिने पुढे होऊन तो बंद केला आणि सांगून टाकलं. खाट, स्टूल, वही, सात महिने, अर्धा अर्धा लिटर, आटलेले दोन सड. सगळं सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. साडेतीन वर्षं जे पोटात धरलं होतं, ते बाहेर काढल्यावर एवढंसं निघालं.

"कालवड वाईट आहे असंही मी म्हणत नाही," ती शेवटी म्हणाली. "आईची कास सुजली म्हणून मुलगी वाईट होत नाही. पण ती चांगली आहे हे कशावरून? तो आकडा मी बसल्या बसल्या लिहिलाय. ती कशी आहे ते कोणालाच माहीत नाही. दोन चांगल्या कालवडी सोडून तू माझी थाप विकत घेतोयस."

 हाताचं पाणी निथळून त्याच्या चपलांवर पडत होतं.

"दाजींना माहीत आहे?"

"नाही."

"एवढं सगळं तू एकटी घेऊन बसलीस?" त्याने विचारलं. "मला नाही सांगायचं? मी रोज टँकर घेऊन रुग्णालयावरून जात होतो गं. मी नसतो का गेलो तुझ्याऐवजी? दूध मोजायला काय लागतं?"

तिचे डोळे भरून आले. तिने तोंड फिरवलं आणि पदराने नाक पुसलं. किती दिवसांनी छातीवरचं ओझं हललं होतं. आता काय होईल ते होवो, असं तिला क्षणभर अगदी खरोखर वाटलं. नोकरी गेली तर जावो, निवृत्तीला चारच वर्षं राहिली होती. नवऱ्याला काय सांगायचं, ते घरी गेल्यावर बघता येईल.

"मी कार्यालयात जाऊन सांगणार आहे," ती म्हणाली. हे तिने आधी ठरवलं नव्हतं. बोलता बोलता ठरलं. "सोमवारी जाते."

"काय सांगणार?"

"खरं ते."

"आणि मग?"

"मग ती सात महिन्यांची पानं रद्द करतील. सगळ्यांची."

"बाराही गोठ्यांची?"

"हो."

"म्हणजे ज्यांनी काही केलं नाही त्यांचीही." भावाने खिशातून रुमाल काढला आणि एकेक बोट पुसायला सुरुवात केली. "आणि तू घरी बसणार. दाजींच्या औषधाला काय, तुझी ही वही विकायची? नाही ताई. अजिबात जायचं नाहीस. झालं ते झालं. कोणाचा जीव गेला का त्यात?"

"अरे पण..."

"मास्तर बोलणार नाहीत. बोलायचं असतं तर कधीच बोलले असते. मी बोलणार नाही. तू गप्प बस. विषय संपला."

तो प्रेमाने बोलत होता, यात शंका नव्हती. त्याने तिच्या खांद्यावर ओला हातही ठेवला. लहानपणी ती त्याला शाळेत सोडायला जायची, तेव्हा तो असाच तिचा खांदा धरून चालायचा. तिने मान डोलावली. निदान दोन चांगल्या कालवडी त्याच्या गोठ्यात जातील, एवढं तरी आज नीट होतंय, असं तिने मनाशी म्हटलं.

"मग तू जरा विचार कर," भाऊ रुमालाची घडी घालत म्हणाला. "कागद बदलणार नाही."

"म्हणजे?"

"तू जात नाहीस म्हणजे कागद आहे तसाच राहणार. आज जो आकडा आहे तोच उद्या. बरोबर?"

"अरे, पण दूध कागद देणार नाही, ती देणार आहे."

"देईल की. गाय आहे, दूध देईलच. थोडं कमी देईल. पण तिची वासरं या आकड्यावर विकली जातील. हिचं पहिलं वासरू तर अजून पोटात आहे आणि तरी मास्तर हिच्या एकटीचे दोन कालवडींइतके पैसे मागतायत." तो उत्साहात येऊ लागला होता, आणि ते तिला त्याच्या मानेवरून कळत होतं. लहानपणापासून काही मनाजोगतं सुचलं की तो अशी मान तिरकी करायचा.

"आणि व्याल्यावर तिची नोंद लागेल तेव्हा?" तिने विचारलं. "तेव्हा सगळं उघड्यावर येईल ना?"

भावाने तिच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर कसलाही कावा नव्हता. साधा प्रश्न विचारावा तसा त्याने विचारला,

"आमच्या भागाची नोंद तुझ्याकडेच येईल ना?"

 ट्रॉलीवरून चाऱ्याचा शेवटचा भारा धप्पकन खाली पडला. भाऊ रुमाल खिशात घालून पुढे निघाला, आणि दोन पावलांवर थांबून मागे वळला.

"चल ना ताई."

गोठ्यात मास्तर दोनशे चारच्या आणि एकशे अठ्ठ्याण्णवच्या गळ्यात नवी दावी बांधून तयार होते. याच दोन जाणार, असं ते धरूनच चालले होते. दोन्ही कालवडी बाहेरच्या खांबाशी उभ्या होत्या.

"मास्तर, या दोन राहू द्या," भाऊ म्हणाला. "आम्ही दोनशे नऊ घेतो. तुम्ही म्हणाल त्या भावाने."

मास्तरांचे हात जागच्या जागी थांबले.

"का हो? बाईंनी काही सांगितलं नाही तुम्हाला?"

"सांगितलं ना. तिकडे नीट बोलणंच झालं आमचं." भावाने अभिमानाने ताईकडे पाहिलं. "ताई म्हणाली, हीच घे."

 मास्तरांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत चढवला. पूर्वी वर्गात एखाद्या हुशार मुलाने चुकीचं उत्तर दिलं तर ते असंच करत असावेत, त्याला पुन्हा विचार करायला वेळ मिळावा म्हणून.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही सांगितलंत?"

भाऊ तिच्याकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, काळजीही नव्हती. तिच्या तोंडून काय निघणार याची त्याला खात्रीच होती. बाहेर त्या दोन कालवडी नवी दावी हुंगत होत्या.

"हो," ती म्हणाली.

मास्तरांनी मान डोलावली. ते गव्हाणीपाशी गेले आणि दोनशे नऊचं दावं सोडलं. भावाने हात पुढे केला होता, पण त्यांनी ते त्याच्या हातात दिलं नाही. नोंदबाईच्या हातात दिलं आणि ते फळ्याकडे वळले.

कालवड गरीब होती. ओढावी लागली नाही, तिच्या मागून मुकाट चालत आली.